कोर्टाच्या भिंतीतले सहा फूट

६ जानेवारी, सोमवार

आज सकाळी सातला कोर्टात गेलो आणि सगळी इमारत टेपनं मोजून काढली. एकटाच होतो. टेपचं टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, चालत जायचं, आकडा लिहायचा, परत येऊन टोक सोडायचं. पहारेकरी कडूबा लिंबाखाली दात घासत उभा. म्हणाला, "काहो उद्धवभाऊ, कोर्ट इकत घेऊन राह्यले काय?" म्हटलं, इतिहास लिहायचाय. तर म्हणे, "मंग मोजता कायले? इतिहास काय फुटात असते?"

वकील संघानं हे काम माझ्या गळ्यात घातलं आहे. अठ्ठावीस फेब्रुवारी हा जुन्या कोर्टाचा शेवटचा दिवस. मग सगळं बायपासच्या नव्या इमारतीत. त्यानिमित्त स्मरणिका. वाचनालयाचा ग्रंथपाल आहे, म्हणजे याला जुनं सगळं ठाऊक असणार! संपादक ॲड. आल्हाद. तिशीतला, बोलायला गोड. "काका, चार पानं द्या. भारदस्त पाहिजे."

त्याच कोर्टात मी प्रतिवादी आहे, हे त्याला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. सहा वर्षं तिथं माझ्या नावाचा पुकारा होतो. आणि त्याच भिंतींचं गुणगान मी लिहायचं!

९ जानेवारी, गुरुवार

तारीख होती. वादी संजीवनी, माझी सख्खी धाकटी बहीण. तिला संग्रामपूरकडे दिली आहे. पहाटे निघते, दोन एसट्या बदलते, तेव्हा कुठं अकराला पोचते. मी ओसरीच्या या टोकाला, ती त्या टोकाला. मधे आठ खांब. (आता मोजलेत म्हणून माहीत.)

न्यायाधीश मॅडम प्रशिक्षणाला गेलेल्या. पुढची तारीख तेवीस. एवढं ऐकायला ती दीडशे किलोमीटर आली! डबा काढून खांबाआड एकटी जेवली. मी पाठ करून बसलो. गुरुवारचा उपास होता, ते एक बरं झालं.

१२ जानेवारी, रविवार

दिवसभर आकडे घेऊन बसलो. आकडे जुळत नाहीत!

बाहेरून इमारत शहात्तर फूट लांब. आतून कोर्टाचा हॉल बेचाळीस, त्याला लागून रेकॉर्ड रूम बावीस. तीन भिंती, प्रत्येकी दोन फूट. झाले सत्तर. सहा फूट गेले कुठं? पुन्हा बेरीज केली. पुन्हा सत्तर. ही म्हणाली, "सकायपासून काय बोटं मोडून राह्यले? ग्यास आनाले जा."

बाकी इमारत मोठी देखणी. काळा दगड, चुन्यात बसवलेला. कमानी अर्धगोल, आणि दगड असे घासून बसवलेत की सांध्यात सुई जाणार नाही. वर सागवानी तुळया, त्यावर कौलं. हॉलच्या मागच्या भिंतीत मुठीएवढं भोक आहे. त्यातून पंख्याची दोरी जायची, बाहेर माणूस बसून ओढायचा. दोरीनं दगडाला खोल खाच पडली आहे. किती वर्षं ओढली असेल! कोणी बांधली, कधी, विचारावं तर प्रत्येकाचं वेगळं. एक म्हणतो निजामाची कचेरी होती, एक म्हणतो इंग्रजांनी पायापासून बांधली. शिळा नाही, कागद नाही. दीडशे वर्षं लोकांचे कागद सांभाळणाऱ्या जागेकडे स्वतःचा कागद नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सगळ्यांना तिळगूळ दिला. संजीवनीला फोन लावायला घेतला, ठेवून दिला.

१७ जानेवारी, शुक्रवार

हिंमतराव वकिलांकडे बोलावणं होतं. माझे वकील. तेवीसला माझी उलटतपासणी, तिची तयारी. शाळेत पाढे घ्यायचे तशी घेतली.

"दस्त कोनं लिवला?" दस्तलेखकानं. "वादीनं सही कुठी केली?" निबंधक कार्यालयात. "सही कराच्या पयले तिले दस्त वाचून दाखवला होता काय?"

मी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं.

"उद्धवराव, इथीच गाडी अटकते तुमची. शपथपत्रात लिहून देल्लं ना तुमी? मंग हो म्हना न् उतरा खाली. एक अक्षर आहे."

लिहून दिलं आहे, खरं. "सदर हक्कसोडपत्र वादीस वाचून दाखविण्यात आले व तिने ते समजून-उमजून सही केली." त्यांनी टाईप करून ठेवलं होतं, मी खाली सही केली. ईश्वराला स्मरून.

ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. अकरा वर्षं झाली. बाबांची तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आमच्याकडे रीतच आहे. तेरवीला बहीण आलेली असते, ती परत जायच्या आधी तिची सही घेऊन टाकायची. भाऊ साडी करतो, बहीण हक्क सोडते. कोणाला काही वावगं वाटत नाही. पण निदान तिला सांगतात तरी! मी तेही केलं नाही. सहा एकर, त्यात विहीर, तिची वाटणी तीन एकर. मला भीती वाटली, ती नाही म्हणेल. म्हणून सांगितलं, बाबांच्या जागी सातबाऱ्यावर आपली नावं चढवायची, त्याचे कागद आहेत.

सातवी शिकलेली आहे ती. कागद तिच्या हातात होता. दस्तलेखक म्हणालासुद्धा, "ताई, पाहून घ्या." तर हसली. "भाऊ आनते तो कागद काय वाचाव बापा!" आणि सही केली. निबंधक साहेबांनी विचारलं, सही तुमचीच ना? म्हणाली, हो. फोटो काढला. त्या फोटोत ती हसते आहे. तो फोटो आता दाव्याच्या कागदात लागलाय.

बाहेर आल्यावर साडीच्या दुकानात नेलं. म्हणाली, "दादा, बाबाले जाऊन पंधरा दिवस नाई झाले, साडी कायले?" तरी घेतली मी. हिरवी.

चार वर्षांनी सातबारा काढला तेव्हा तिला कळलं. ती आधी माझ्याकडे आली होती. दारातच उभी राहिली. मी म्हटलं, तू स्वतः सही केली आहेस. हे वाक्य मला हिंमतरावांनी शिकवलं नव्हतं. माझंच होतं.

२० जानेवारी, सोमवार

सहा फुटांचा पत्ता लागला!

रामरावांकडे गेलो होतो. कोर्टात बासष्ट सालापासून रेकॉर्ड सांभाळत होते, आता पंचाऐंशीचे आहेत. ओसरीत बाजेवर पडून असतात, पण डोकं लख्ख. मी सहा फूट म्हणालो तसे हसायलाच लागले. "बायाची बैठक हाय ते! रेकाडच्या मोठ्या कपाटामांगं दार हाय. तुमी पोट्टे लोकं, तुमाले काय ठाव."

त्यांच्या जुन्या नाझरांकडून, म्हणजे कोर्टाच्या कचेरीच्या मुख्य कारभाऱ्याकडून, ऐकलेलं त्यांनी सांगितलं. घरंदाज बाया तेव्हा पुरुषांनी भरलेल्या कचेरीत उभ्या राहत नसत. मागच्या दारानं त्यांना या खोलीत आणून बसवत. मधे लाकडी जाळी. अलीकडे बाई, पलीकडे साहेब. बाईचा आवाज फक्त यायचा.

"न् एक नियम होता," म्हणाले. "बाईचा अंगठा असलेला कागद आला, त कारकुनानं तो जाळीतून पुरा वाचून दाखवाचा. मंग इचारायचं, बाई, आता तुमी सांगा, यात काय लिवलं हाय? बाईनं आपल्या बोलीत सांगतलं त कागद खरा. नाई सांगता आलं, त कागद रद्द. मंग खाली अंगठा असो नाईतर काई असो."

"खरंच रद्द करत?"

"म्या काय पाह्यलं बापा! आमचे नाझर सांगत."

निघताना पाया पडलो. तर हात धरून म्हणाले, "तुह्या बहिनीच्या केसचं काय झालं रे?"

चालू आहे, म्हटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

कोणी ज्येष्ठ वकील वारले. शोकप्रस्ताव, कामकाज बंद. पुढची तारीख वीस फेब्रुवारी. जाणारा गेला, त्याला शांती मिळो. पण मी आणखी महिनाभर टांगलेला! तयारी करून गेलो होतो. "हो" म्हणायची.

संजीवनी तशीच स्टँडवर गेली. केस पांढरे झालेत तिचे. आज नीट पाहिलं.

२५ जानेवारी, शनिवार

चौथा शनिवार, कोर्टाला सुट्टी. नाझरांची परवानगी काढून कडूबाला घेतलं आणि कपाट सरकवलं. मागं खरंच दार! बुटकं, सागवानी, कडी गंजलेली. कडूबा आधी आत जाईना. "साप असंन त?" मग मीच वाकून शिरलो.

चार फूट रुंद आणि लांबीला चौदा. (भिंत दोन, खोली चार. सहा!) एका कडेला दगडी कट्टा, बसायला. कट्ट्याच्या कडा बसून बसून गुळगुळीत झालेल्या. हॉलकडच्या भिंतीत जाळी. सारखा चुना मारून तिची भोकं अर्धी बुजली आहेत. हॉलमधून तिच्यावर घड्याळ टांगलेलं दिसतं. सहा वर्षं मी ते घड्याळ बघत बसलो, मागं काय आहे ते कळलं नाही.

आणि भिंतीवर, कट्ट्यावर बसल्यावर हात पोचेल तिथं, चुन्याचे फराटे. बोटानं ओढलेले. आधी कळेना. मग लक्षात आलं, पान लावल्यावर उरलेला चुना बायांनी भिंतीला पुसला आहे. माझी आजी पुसायची तसा. शेकडो फराटे, एकावर एक. पुकारा होईपर्यंत बसायच्या, पान लावायच्या, बोट पुसायच्या.

कडूबाला हॉलमध्ये पाठवलं, म्हटलं, हळू बोल. तो म्हणाला, "आरोपी उद्धव हाजीर हो!" आणि खो खो हसला. कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं. मी कट्ट्यावर बसून राहिलो. हसू आलं नाही मला.

२८ जानेवारी, मंगळवार

लेख दिला. चार पानांत दीड पान त्या खोलीचं. वाचून दाखवायच्या नियमासकट. "असे जुने कर्मचारी सांगतात" असंही प्रामाणिकपणे लिहिलं.

आल्हादनं माझ्यासमोरच वाचला. "काका, मस्त आहे. पण ही बायांची खोली काढू. त्या जागी फोटो टाकू, गॉथिक कमानीचा."

"गॉथिक नाही रे ती! अर्धगोल आहे."

"काका, गॉथिक म्हटलं की भारी वाटतं."

मी हट्ट धरला. इमारतीत दुसरीकडे कुठंच नसेल अशी ही एक गोष्ट, तीच काढायची? तेव्हा त्यानं दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "काका, रागावू नका. तुमची केस बोर्डावर आहे. दस्त वाचून दाखवला की नाही, हाच मुद्दा आहे ना? आणि तुमच्याच नावानं हे छापायचं? समोरच्या वकिलांनी वाचलं तर तुम्हालाच विचारतील. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

खरंच भल्याचं सांगत होता. त्याचाच जास्त राग आला. म्हटलं, काढ.

स्वतःच काढ म्हटलं मी.

३ फेब्रुवारी, सोमवार

हिच्याजवळ विषय काढला. खरं सांगून टाकलं तर काय होईल, एवढंच विचारलं.

"काय होईन? तीन एकर जाईन. न् विहीर तिच्या वाट्याले गेली त आपन कोरडवाहू पाहत बसाव! आपल्या लेकरायनं काय कराव?" मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्या माह्या भावाले सोडूनच देल्लं होतं ना? मले कोनं इचारलं होतं?"

विचारलं, तुला वाचून दाखवलं होतं का.

"हाव. माह्या भावानं सोता वाचून दाखवलं. न् म्हने, मनात नसंन त नको करू." एवढं बोलून आत गेली. तिलाही कळलं, आपण काय बोललो ते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हिंमतरावांना म्हटलं, तडजोड करून टाकू.

"जितलेली केस कोनी तडजोड करते काय, उद्धवराव! नोंदणी झालेला दस्त आहे. फोटो आहे हासता. न् तिची वकीलबाई, ते निवेदिता, नवी आहे. पाच प्रश्न इचारंन न् बसून जाईन. तो प्रश्न इचाराची हिंमतच नाई तिची. तुमी हो म्हनसान त तिची केस तिथंच संपते, तिले मालूम आहे."

म्हणजे मला खोटं बोलायचीही गरज पडणार नाही. कोणी विचारलंच नाही तर खोटं कसं? शपथपत्र आधीच दिलेलं आहे, ते मुकाट पडून राहील. मी घरी येताना मोकळा श्वास घेतला. देवळावरून आलो, आत गेलो नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

स्मरणिका आली. माझा फोटो, नाव, खाली लेख. खोली नाही. आणि शेवटी एक वाक्य, जे मी लिहिलंच नाही! "या वास्तूत सदैव सत्याचाच विजय झाला."

फोन केला. तो म्हणाला, "समारोपाला काहीतरी पाहिजे होतं काका." माझं नाव काढा म्हटलं. "छापून झालं ना आता. पाचशे प्रती." बरोबर आहे. सही माझी, मजकूर दुसऱ्याचा, आणि वाचून कोणी दाखवला नाही. मी ओरडलो त्याच्यावर. वाचनालयातली माणसं वर बघायला लागली. नंतर लाज वाटली. एवढं ओरडायचा हक्क मला कुठला?

संध्याकाळी पूजा केली. फूल हातात घेतलं आणि मंत्र आठवेना. तोंडपाठ मंत्र, चाळीस वर्षांचा! फूल तसंच ताम्हनात ठेवलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

गावी शेतात जाऊन आलो. हरभरा सोंगणीला आलाय. विहिरीला पाणी आहे. काठावर बसलो. ही जागा तीन-तीन एकरांत विभागली तर मधला धुरा, बांध, कुठून जाईल, ते डोळ्यांनी आखून पाहिलं. चिंचेपासून सरळ. जातो, तसा अवघड नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उद्या तारीख. मॅडम रजेवर जाव्यात असं वाटतं. मग वाटतं, नको, जाऊ नयेत. दोन्ही वाटणं खरं आहे. हिनं कपडे काढून ठेवले, इस्त्री केलेले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पुकारा झाला. पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली. निवेदिता वकीलबाईंनी विचारलं, जमीन किती, बाबा कधी गेले, पेरणी कोण करतं. पाच नाही, सहा प्रश्न. मग म्हणाल्या, "आणखी काही विचारायचं नाही." मॅडमनी मला मानेनंच सांगितलं, जा.

मी उतरलो नाही. म्हटलं, "मॅडम, दस्त संजीवनीला वाचून दाखवला नव्हता. सातबाऱ्यावर नावं चढवायचे कागद आहेत असं खोटं सांगून मी सही घेतली."

हिंमतराव उठले. "मॅडम, साक्षीदाराची तब्येत बरी नाही."

बरी आहे, म्हटलं.

"शपथपत्राच्या उलट बोलताय," मॅडम म्हणाल्या. "परिणाम माहीत आहेत?"

"हो."

"मग सावकाश सांगा. टाईप होतंय."

सावकाश सांगितलं.